पेशीमृत्यूचा अभ्यास आणि संशोधन कार्यालयाची खुर्ची: निधीचा प्रस्ताव तपासताना विज्ञानात किती शिरावं?

दुसरा_मसुदा (प्रश्न)

पेशीमृत्यूवर पीएचडी आणि आता विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात प्रशासकाचं काम, तेही निधी मिळण्याआधीच्या टप्प्यावरचं. प्रस्ताव येतो, अंदाजपत्रक जुळवायचं, मंजुऱ्यांच्या तारखा बघायच्या, डेटाचा आराखडा तपासायचा आणि सही होऊन पुढे पाठवायचं. कार्यालयाची तपासणी-यादी बेरजा, पानांची मर्यादा आणि सह्या एवढ्यापुरतीच आहे. पण प्रस्ताव अपोप्टोसिसचा (पेशीचा ठरवून, शिस्तीत होणारा मृत्यू) किंवा फेरॉप्टोसिसचा (लोहामुळे पटलातला मेद खराब होऊन येणारा मृत्यू) असला की पद्धतीच्या भागातल्या फटी दिसतातच. दिसल्यावर गप्प बसणं बरोबर वाटत नाही, आणि बोलावं तर ते आपलं काम आहे का, हे कळत नाही.

तेव्हा जाणकारांना तीन गोष्टी विचारते. अंदाजपत्रकात नुसतं "रसायनं व किट, एकरकमी" लिहिलेलं असतं, ते प्रयोगांशी कसं ताडून बघायचं? विज्ञानातली उघड चूक दिसली तर ती सांगायची का, आणि कुठल्या शब्दांत? आणि शेवटच्या दिवशी दोनच तास हातात असतील तर सगळ्यात आधी काय बघायचं?

---

बंध_बफर

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. रकमेकडे बघूच नका, नळ्या मोजा. नळ्यांवरून किट निघतात, यंत्राचे तास निघतात आणि माणूस किती लागेल तेही निघतं.

नेहमी दिसणारा आराखडा घ्या: ३ सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचे वाण), औषधाच्या ५ मात्रा, औषध दिल्यानंतरच्या ३ ठरावीक वेळा, अ‍ॅनेक्सिन व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड हे दोन रंग (पहिला मरू लागलेल्या पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, दुसरा पटल फुटलेल्या पेशीत शिरतो) लावून फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्रात एकेक पेशी तिच्या चमकेवरून मोजणं. (प्रयोगशाळेत प्रोपिडियम आयोडाइडला "पीआय" म्हणतात आणि कार्यालयात "पीआय" म्हणजे मुख्य संशोधक. शेरा लिहिताना पूर्ण नाव लिहा, नाहीतर खरोखर घोळ होतो.) पाच मात्रांना नुसत्या द्रावकाचा एक नमुना जोडा, म्हणजे ६. गुणिले ३ वेळा, म्हणजे १८ नळ्या. त्यात चार नियंत्रणं: काहीच न लावलेली, फक्त अ‍ॅनेक्सिनची, फक्त प्रोपिडियमची, आणि खात्रीने मरणाऱ्या पेशींची, ज्यासाठी बहुतेक जण स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर ४ ते ६ तास देतात. एका सेल लाइनच्या एका दिवसाला २२ नळ्या झाल्या. तीन सेल लाइन, प्रत्येकीचे तीन स्वतंत्र दिवस: १९८.

प्रस्तावात मृत्यूचा प्रकार ओळखायचा असं म्हटलं असेल तर अवरोधकांचा (मृत्यूची एकेक वाट रोखणाऱ्या रसायनांचा) भाग वेगळा. तीन अवरोधक, प्रत्येक एकटा आणि औषधासोबत, म्हणजे ६. त्यात नुसतं औषध आणि नुसतं द्रावक धरून ८. चार नियंत्रणं धरून १२. नऊ दिवसांचे १०८. एकूण ३०६. मात्रा ठरवण्याच्या चाचणीला साठेक नळ्या धरल्या की ३६६. किट १०० चाचण्यांचं असेल तर चार किटांत हे बसतं, पण फक्त ३४ नळ्या उरतात. म्हणजे २२ नळ्यांचा फसलेला दिवस एकच झेपतो. पाच किट मागणं रास्त आहे. आणि अंदाजपत्रकात "१ किट" दिसलं, तर एक तर किट विसरलेत किंवा प्रयोग तीनदा करायचा विचारच नाही. दोन्ही गोष्टी विचारण्यासारख्या.

यंत्राचे तासही असेच. नळीला धुण्यासकट ३ मिनिटं आणि सुरू-बंद करायला अर्धा तास. २२ नळ्यांच्या दिवसाला २ तास राखून ठेवावे लागतात, १२ नळ्यांच्या दिवसाला दीड. नऊ-नऊ दिवसांचे मिळून ३१.५ तास.

दिवस फसतो कशामुळे, हे माहीत असेल तर जादा किटचं समर्थन दोन ओळींत लिहिता येतं. अ‍ॅनेक्सिनला फॉस्फॅटिडिलसेरिनला (मरू लागलेली पेशी बाहेरच्या बाजूला आणते तो पटलाचा मेद) चिकटायला कॅल्शियम लागतं. बफरमध्ये १० मिलिमोलर हेपीस, १४० मिलिमोलर मीठ आणि २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असतं, सामू ७.४. चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवल्या आणि नीट धुतल्या नाहीत, तर उरलेलं ईडीटीए ते कॅल्शियम खाऊन टाकतं आणि मरू लागलेल्या पेशीसुद्धा जिवंत दिसतात. दुसरी चूक त्याहून जास्त वेळा होते: माध्यमात तरंगणाऱ्या पेशी ओतून दिल्या जातात. मरणारी पेशी आधी पृष्ठभाग सोडते. ते माध्यम गोळा करून ३०० जी वर ५ मिनिटं फिरवून सोडवलेल्या पेशींत मिसळलं नाही, तर मृत्यूचा आकडा कमीच येणार. पुढे १ लाख पेशी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये, दोन्ही रंग ५-५ मायक्रोलिटर, अंधारात १५ मिनिटं, मग ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात यंत्रावर. आधी फॉर्मॅलिनने स्थिर करून मग रंग लावायचा, असं पद्धतीत लिहिलेलं असेल तर तिथे थांबा. पेशीपटलाला भोकं पडली की प्रोपिडियम सगळीकडे शिरतं आणि आलेखाच्या चारही कोपऱ्यांचा (दोन रंगांवरून पडणाऱ्या पेशींच्या चार गटांचा) अर्थ जातो.

किट नुसतं मोजू नका, रंगही बघा. औषध डॉक्सोरुबिसिनसारखं स्वतःच नारिंगी-तांबडं चमकणारं असेल तर प्रोपिडियमच्या खिडकीत औषधच दिसेल. तेव्हा अ‍ॅनेक्सिन-एपीसी आणि डॅपी अशी वेगळ्या रंगांची जोडी घ्यावी लागते, आणि तिला ६४० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ४०५ चा जांभळा असे दोन लेसर लागतात. तुमच्या केंद्रातल्या यंत्रावर ते आहेत का, हे केंद्राला विचारायला एक फोन पुरतो. निधी आल्यावर हे लक्षात आलं तर मागवलेली किट कपाटात पडून राहतात.

---

निधी_नोंद

वरचा हिशेब जपून ठेवण्यासारखा आहे. त्याला कार्यालयाच्या बाजूने जोड देते.

नळ्यांवरून माणूस काढताना "वेळ २५ टक्के" असं न लिहिता महिन्यांत लिहून घ्या. वर्षाला २५ टक्के म्हणजे ३ माणूस-महिने. मग तीच व्यक्ती बाकीच्या चालू प्रकल्पांत किती आहे ते बघा. सगळ्यांची बेरीज वर्षाला १२ च्या वर गेली तर अर्ज कितीही चांगला असला तरी पुढे न्यायचा नाही. फ्लो सायटोमेट्री केंद्राच्या तासाच्या दरात तिथल्या तंत्रज्ञाचा पगार धरलेला असतो का, हेही विचारा. धरलेला असेल आणि प्रस्तावात तोच तंत्रज्ञ वेगळा दाखवला असेल, तर एकच खर्च दोनदा लागतो. लेखापरीक्षणात हे हमखास सापडतं आणि पैसे परत करावे लागतात. यंत्राच्या देखभाल-कराराचंही तसंच: तो दरात आहे की प्रकल्पावर, एकाच ठिकाणी.

खर्चाची वेळ हा आणखी एक मुद्दा. मंजुरीच्या सुरुवातीच्या तारखेआधीची खरेदी बहुतेक ठिकाणी बसत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत अचानक चार किट आणि दहा प्रतिपिंडं (ठरावीक प्रथिन ओळखणारी) घेतली, तर ती याच प्रकल्पासाठी होती हे दाखवावं लागतं. म्हणून खरेदीचा क्रम प्रयोगांच्या क्रमाशी बांधून आधीच लिहून ठेवा.

आता दुसरा प्रश्न, आणि मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही परीक्षक नाही. गृहीतक पटतं का, कल्पना नवी आहे का, यावर कार्यालयाने मत द्यायचं नाही. मात्र अंदाजपत्रक, वेळापत्रक, मंजुऱ्या आणि पद्धत ही चारही एकच गोष्ट सांगतात का, हे बघणं तुमचंच काम आहे. पेशीमृत्यूतलं ज्ञान तिथे वापरा, मनमोकळेपणाने वापरा. चूक दिसली तर मजकूर स्वतः बदलू नका. प्रश्न लिहा, ओळीचा क्रमांक द्या, आणि त्या प्रश्नामुळे खर्च किंवा वेळ कुठे बदलेल ते सांगा. "पान ६, ओळ १४: या सेल लाइनमध्ये हे प्रथिन असतं का, कृपया खात्री करावी. नसल्यास तक्ता ३ मधलं प्रतिपिंड आणि सेल लाइन बदलेल, म्हणून अंदाजपत्रक त्याआधी अंतिम करत नाही." एवढ्यात संशोधकाचा मान राहतो, निर्णय त्याचाच राहतो आणि नोंदही राहते.

अगदी जवळच्या विषयातला प्रस्ताव असेल, जुन्या प्रयोगशाळेशी स्पर्धा असेल किंवा एकत्र शोधनिबंध असतील, तर आधी हितसंबंध लेखी कळवा आणि तो प्रस्ताव सहकाऱ्याकडे द्या. आणि एका प्रस्तावात वाचलेली युक्ती दुसऱ्या संशोधकाला "सहज" सुचवायची नाही. विषय माहीत असणाऱ्या प्रशासकाकडून हे नकळत होतं, म्हणून तुम्हाला जास्त जपावं लागेल.

---

दुसरा_मसुदा

दोघांचे मनापासून आभार. नळ्यांचा हिशेब लगेच वापरते. आता कुठल्याही प्रस्तावाचा तपशील न देता, फक्त शास्त्रापुरते तीन नमुने विचारते. असं लिहिलेलं दिसलं तर प्रशासकाने प्रश्न करावा का?

एक, एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींत तुटलेल्या कॅस्पेज-३ चा (अपोप्टोसिसमध्ये प्रथिनं कापणारं विकर, तुटल्यावर कामाला लागतं) वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे आकारानुसार प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखणं. दोन, हेला या कर्करोगी पेशींत नेक्रॉप्टोसिस (पटल फुटून होणारा, पण पेशीने ठरवून आणलेला मृत्यू), आणि पुरावा म्हणून फक्त नेक्रोस्टॅटिन-१ हा त्याचा अवरोधक. तीन, कॅस्पेज-८ नसलेले उंदीर पहिल्याच वर्षात तयार.

---

तिसरी_पिढी

तिन्हींवर करावा, कारण तिन्हींचा पैशाशी किंवा वेळेशी थेट संबंध आहे.

एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ च्या जनुकातला ४७ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे ते प्रथिन तयारच होत नाही. १७ आणि १९ किलोडाल्टनच्या पट्ट्या शोधायला ब्लॉट कितीही वेळा केला तरी कोरा येणार. पेशी मरतात, कॅस्पेज-७ काम करतं, पार्प हे प्रथिन तुटून ११६ वरून ८९ किलोडाल्टनवर येतो. म्हणजे पार्पचं आणि कॅस्पेज-७ चं प्रतिपिंड घ्यायला हवं. हा प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यावरून प्रतिपिंडांची यादी बदलते.

हेला पेशींत आरआयपीके३ हे प्रथिन व्यक्तच होत नाही. ते नसेल तर पटल फोडणाऱ्या एमएलकेएल या प्रथिनावर फॉस्फेट चढत नाही आणि नेक्रॉप्टोसिसची साखळी पुरी होत नाही. बऱ्याच कर्करोगी सेल लाइनमध्ये आरआयपीके३ असाच बंद पडलेला असतो, म्हणून "या सेल लाइनमध्ये ते आहे हे आधी दाखवलं आहे का?" हा प्रश्न कुठेही चालतो. खात्रीचं नियंत्रण हवं असेल तर एचटी-२९ पेशींना टीएनएफ (मृत्यूचा इशारा देणारं प्रथिन), स्मॅक या प्रथिनाची नक्कल करणारा रेणू आणि झेड-व्हॅड (कॅस्पेज रोखणारं रसायन) एकत्र देतात. उंदराच्या एल९२९ ला टीएनएफ आणि झेड-व्हॅडच पुरतं. नेक्रोस्टॅटिन-१ ची अडचण दुहेरी आहे. ते आयडीओ नावाचं विकरही रोखतं, म्हणून नेक्रोस्टॅटिन-१एस वापरलेलं बरं. आणि दोन्ही आरआयपीके१ ला रोखतात, जे अपोप्टोसिसच्या एका वाटेवरही असतं. नुसत्या अवरोधकाने पेशी वाचल्या म्हणून नेक्रॉप्टोसिस सिद्ध होत नाही. फॉस्फो-एमएलकेएलचा ब्लॉट किंवा एमएलकेएल काढलेल्या पेशी लागतात.

इथेच एक खर्च हमखास सुटतो. मानवी एमएलकेएलवर फॉस्फेट सेरिन ३५८ या जागी चढतं, उंदराच्या एमएलकेएलवर सेरिन ३४५ या जागी. पहिली दोन वर्षं मानवी पेशी आणि तिसऱ्या वर्षी उंदीर असा प्रस्ताव असेल तर प्रतिपिंड दोन जातींसाठी दोन लागतात.

तिसरा नमुना सगळ्यात महाग पडतो. कॅस्पेज-८ पूर्णपणे काढलेले उंदीर जन्मालाच येत नाहीत. गर्भ साधारण १०.५ व्या दिवसाच्या सुमारास मरतो. आरआयपीके३ सोबत काढलं तर वाचतात, हे २०११ मध्ये दाखवलं गेलं. फेरॉप्टोसिस रोखणाऱ्या जीपीएक्स४ या विकराचंही तसंच, तो गर्भ त्याहून आधी जातो. तेव्हा ठरावीक ऊतीतच जनुक काढायचं, म्हणजे फ्लॉक्स केलेले उंदीर (जनुकाच्या दोन्ही बाजूंना कापायच्या खुणा असलेले) आणि क्री असलेले उंदीर (त्या खुणांवर कापणारं विकर ठरावीक ऊतीत असलेले) यांचा संकर, तोही दोनदा. गर्भकाळ १९ ते २१ दिवस, पिल्लं तोडायला २१ दिवस, प्रजननक्षम व्हायला ६ ते ८ आठवडे. एक पिढी साधारण तीन महिन्यांची. दोन पिढ्या म्हणजे सहा महिने, आणि उंदीर आणून विलगीकरणात ठेवण्याचा काळ वेगळा. दुसऱ्या संकरात हवा तो जनुकप्रकार चारपैकी एकाच पिल्लात येतो. गटाला १० उंदीर हवे असतील तर ४० पिल्लं वाढवावी लागतात, आणि एकाच लिंगाचे हवे असतील तर ८०. पिंजरे त्या आकड्यावर मोजायचे. बहुतेक अंदाजपत्रकांत ते १० वर मोजलेले असतात. प्राणी-नैतिकता समितीच्या अर्जातला आकडाही हाच हवा. दोन कागदांवर दोन आकडे असले की मंजुरी अडकते.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये "अपोप्टोसिस" हा शब्द दिला तेव्हा तो पेशीच्या दिसण्यावरून दिला होता. आज पेशीमृत्यूच्या नामकरण समितीच्या २०१८ च्या शिफारशींत मृत्यूचे प्रकार रेणूंच्या यंत्रणेवरून ओळखले जातात. प्रस्तावाच्या नावात "अपोप्टोसिस" आणि पद्धतीत फक्त एमटीटी ही रंगचाचणी असेल तर मेळ बसत नाही. एमटीटी चयापचय मोजतं. पेशी मेल्या की वाढायच्या थांबल्या, हे त्यातून कळत नाही.

---

बंध_बफर

शेवटच्या वाक्यात ट्यूनेल ही चाचणीही जोडा. ट्यूनेल तुटलेल्या डीएनएची टोकं दाखवतं, आणि ती नेक्रोसिसमध्येही असतात. ऊतीच्या कापांवर ते करायचं असेल तर डीएनेज (डीएनए कापणारं विकर) दिलेला एक काप आणि विकर न घातलेला एक काप, ही दोन नियंत्रणं प्रत्येक खेपेला लागतात, म्हणजे किट पुन्हा वाढतं.

अ‍ॅनेक्सिनबद्दल वर एक गोष्ट राहिली. प्लेटमध्ये मेलेल्या पेशी खाऊन टाकणारं कुणी नसतं. अपोप्टोसिसने मेलेली पेशी काही तासांनी फुटते आणि दोन्ही रंग घेते. म्हणून ४८ तासांचा एकच बिंदू असेल तर "दोन्ही रंग" या कोपऱ्यावरून प्रकार सांगता येत नाही. प्रस्तावात तीन वेळा का हव्यात, असं कुणी खर्च कापायच्या उद्देशाने विचारलं तर उत्तर हे आहे. ते समर्थनात लिहून ठेवा, कारण कात्री लागते ती आधी वेळांवर.

झेड-व्हॅडचं प्रमाणही बघा: बहुधा २० ते ५० मायक्रोमोलर, औषधाच्या अर्धा ते एक तास आधी. मृत्यू कमी झाला तर कॅस्पेजवर अवलंबून. उलट वाढला तर कॅस्पेज-८ रोखलं गेल्यामुळे नेक्रॉप्टोसिसची वाट मोकळी झाली असेल. असा निकाल आला तर पुढे काय, याला प्रस्तावात दोन ओळी असतील तर परीक्षकालाही बरं वाटतं.

---

निधी_नोंद

दोन तासांचा प्रश्न राहिला. माझा क्रम असा: पहिली २० मिनिटं तारखांना. प्रकल्पाची सुरुवात, प्राणी आणि जैवसुरक्षा मंजुरीची मुदत, भागीदार संस्थेचं पत्र. यातलं काही नसेल तर दोन तासांत मिळवता येणार नाही, म्हणून ते लगेच कळलं पाहिजे. मग माणूस-महिने. मग पद्धतीतल्या प्रत्येक तंत्राखाली पेन्सिलने रेघ, आणि त्या प्रत्येकासाठी अंदाजपत्रकात ओळ आहे का ते. उलटही करा: अंदाजपत्रकात आहे आणि पद्धतीत नाही, असं काही सापडलं तर ते बहुधा जुन्या प्रस्तावातून उचललेलं असतं. सेल लाइनची एसटीआर (डीएनएवरून) ओळख-चाचणी आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची नियमित तपासणी या दोन ओळी यातच बघा. रक्कम छोटी, पण नसल्या तर परीक्षक बोट ठेवतात.

डेटाच्या आराखड्याला शेवटची १५ मिनिटं द्या आणि तिथेही मोजाच. फ्लोच्या फायली लहान असतात: १०,००० पेशी आणि १२ मापं असली तर अर्ध्या एमबीच्या आसपास. जागा खातं ते टाइम-लॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेल्या पेशींच्या प्रतिमा. २०४८ गुणिले २०४८ ची १६ बिटची एक प्रतिमा सुमारे ८.४ एमबी. तीन रंग, २० जागा, दर अर्ध्या तासाला असे ४८ तास, म्हणजे ९७ वेळा. एकाच प्रयोगाचे जवळपास ४९ जीबी होतात. तीन सेल लाइन आणि तीन दिवस धरले तर ४४० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची तर दुप्पट. "विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवू" एवढ्यावर सही करू नका; संगणक विभागाकडून जागेचा लेखी होकार घ्या.

---

दुसरा_मसुदा

पिंजऱ्यांचा हिशेब तर कधीच कुठल्या तपासणी-यादीत पाहिला नव्हता. तो यादीत घालते, आणि शेरे "पान, ओळ, प्रश्न, खर्चावर परिणाम" अशा चार रकान्यांत लिहिते. एक शेवटची शंका: पाच किट मंजूर झाली तर ती एकदम घ्यायची का? एकाच लॉटची (एकाच उत्पादन-खेपेची) असावीत म्हणून संशोधक बहुधा तसंच मागतात.

---

बंध_बफर

एकदम नको. चमकता रंग जोडलेलं अ‍ॅनेक्सिन २ ते ८ अंशांवर, अंधारात ठेवायचं असतं आणि गोठवायचं नसतं. मुदत संपली की उरलेलं वाया. एकच लॉट हवा असेल तर पुरवठादाराला तो राखून ठेवायला सांगा आणि माल दोन-तीन खेपांत मागवा, एकाच खरेदी आदेशावर. लॉट बदललाच तर जुन्या आणि नव्या लॉटने त्याच स्टॉरोस्पोरिनच्या पेशी एकाच दिवशी मोजून घ्यायच्या. दोन नळ्या जास्त लागतात. फेरॉप्टोसिस रोखणाऱ्या फेरोस्टॅटिनसारख्या अवरोधकांचं वेगळं आहे: डीएमएसओ या द्रावकात केलेलं द्रावण छोट्या छोट्या भागांत उणे २० वर ठेवतात आणि एक भाग एकदाच वापरतात, कारण ते हवेने खराब होतं. खरेदीच्या वेळापत्रकात किट आणि अवरोधक एकाच ओळीत घालू नका.